पंखा कोणाचा

आमच्या घरात मी बाबांचं नाव काढलं की त्या संध्याकाळी माझ्या वाटीतल्या आमटीत मीठ नसायचं. विसरून नव्हे. आई मीठ घालायच्या आधी माझी वाटी बाजूला काढून ठेवायची, मग उरलेल्या पातेल्यात व्यवस्थित मीठ घालून, चव बघून, डबे भरायची. मी पहिला घास घेतला की ती माझ्याकडे बघायची नाही, डब्यांची झाकणं पुसत बसायची. मीठ मागायचं नाही हे मला कुणी शिकवलं नव्हतं. दोनचार वेळा मागून पाहिलं आणि शिकले. बाबा आम्हाला सोडून चेंबूरला दुसऱ्या बाईबरोबर राहायला गेले तेव्हा मी सातवीत होते. तिथे त्यांना एक मुलगा झाला, ओम त्याचं नाव, हे मला शेजारच्या बाईंकडून कळलं. आईने मला यातलं काहीच सांगितलं नाही. तिने बाबांचे उरलेले शर्ट धुतले, गच्चीवर वाळत घातले, आणि कुजून त्यांच्या चिंध्या होईपर्यंत दोरीवरून काढले नाहीत. बिल्डिंगमध्ये ज्याला जे समजायचं ते समजलं.

घर नाहूरला, स्टेशनपासून चालत जाण्यासारखं, सगळ्यात वरच्या मजल्यावर. एक खोली, एक स्वयंपाकघर आणि डोक्यावर दिवसभर तापणारा स्लॅब. संध्याकाळी उन्हं उतरल्यावरही भिंतीला पाठ लावून बसता यायचं नाही. त्यात आईचा डब्यांचा धंदा. मुलुंडला भाड्याने राहणारी नोकरदार पोरं तिची गिऱ्हाइकं. उजाडल्यापासून दोन्ही शेगड्या पेटलेल्या, एकीवर भाताचा टोप, दुसरीवर तव्यावर बांगडे नाहीतर सुरमईच्या कापट्या. कांदा-खोबऱ्याचं वाटण मिक्सरमध्ये घरघरायचं, कुकरच्या शिट्ट्या, झाकणांचा खणखणाट, आणि या सगळ्यावर आईचा आवाज. आजोबा गिरणीत होते, आईचं सगळं बालपण लालबागला गेलं, पण घरात ती मालवणीच बोलायची आणि ती भाषा तिच्या तोंडात चाकूसारखी चालायची. डब्यातला तुकडा मोठा, माझ्या ताटातली शेपटी, हा नियम. "गिऱ्हाईक पैशे देता. तू काय देतस?" असं ती अगदी शांतपणे विचारायची. आणि खरंच, मी काय देत होते? मी डबे भरायचे, भांडी घासायचे आणि उरलेल्या वेळात थ्रीडी अ‍ॅनिमेशनचा कोर्स करायचे. त्याची फी आईनेच भरली होती आणि ती भरल्याचं ती मला एक दिवसही विसरू देत नव्हती.

कॉम्प्युटर मात्र बाबांनी दिला. बाबा एसी मेकॅनिक होते. अंधेरीतल्या एका ऑफिसचे एसी त्यांच्याकडे होते, तिथल्या लोकांनी जुनी मशिनं काढून टाकली त्यातलं एक बाबांनी उचललं. मी अधूनमधून जिन्यात उभी राहून त्यांना फोन करायचे, त्यात कोर्सचं बोलले होते. एके दिवशी ते रिक्षातून कॉम्प्युटर घेऊन आले, बिल्डिंगखाली उतरवला आणि वर न येताच निघून गेले. मी एकटीने तो चार मजले वर आणला. आई गॅलरीतून सगळं बघत होती. मला वाटलं, आता हा गॅलरीतून खाली जाणार. पण तिने एवढंच विचारलं, "ह्या तुका शिकूक लागता?" मी हो म्हटलं. "मग ठेव." आणि तिने स्वतः टेबल ओढून जागा करून दिली. स्वयंपाकघराच्या दाराला लागून, तव्यापासून हातभर अंतरावर. दुसरीकडे जागा नव्हती असं नाही.

त्या कॉम्प्युटरमध्ये एक ग्राफिक्स कार्ड होतं, म्हणजे पडद्यावरची चित्रं तयार करण्याचं जड काम करणारा भाग. कार्ड मोठ्या ताकदीचं होतं. माझ्या वर्गातल्या कुणाकडेच तसं नव्हतं. पण ते तापायचं. इतकं तापायचं की जरा मोठं काम दिलं की मशीन आपोआप बंद. ऑफिसवाल्यांनी ते का टाकलं होतं ते मला आठवड्याभरात कळलं. त्याच्यावरचा मूळचा छोटा पंखा कण्हत फिरायचा आणि मध्येच थांबायचा. त्यात आमच्या घराची भर. तळणाचा धूर, त्यातलं तेल, त्यावर बसलेली धूळ, असा एक चिकट काळपट थर पंख्याच्या पात्यांवर आणि खालच्या पत्र्यांच्या फटीत जमायचा. हवा जायला जागाच उरायची नाही. मी जुन्या टूथब्रशने तो खरवडून काढायचे, दोन आठवड्यांत परत तेच. कार्ड तापलं की त्या थरातून शिळ्या तळलेल्या माशांचा वास सुटायचा आणि मी संगणकावर मान मोडून काम करत असताना आई मागून म्हणायची, "ताप इलो काय गो तुझ्या बापाशीच्या डब्याक? कपाळार मिठाच्या पाण्याची पट्टी ठेव." मग हसायची. तिचं हसणं मला शिव्यांपेक्षा जास्त लागायचं.

बाबांना फोनवर विचारलं तर ते म्हणाले, "सोपं आहे गं सुपू. उष्णता कुठेतरी नेऊन टाकायची असते. एसी काय नि ते काय, धंदा एकच. त्याच्यावर मोठा कूलर बसव. बाहेर मिळतात." मी म्हटलं, तुम्ही येऊन बसवून द्याल का? "येतो ना. या रविवारी." त्या रविवारी ते आले नाहीत, पुढच्याही नाही. आई मला खिडकीशी उभी राहिलेली बघायची आणि काही न बोलता भात वाढायची. त्या दोन्ही रविवारी आमटी अळणी होती.

शेवटी मालाडच्या एका मुलाकडून मी जुना कूलर घेतला. डबे भरण्याबद्दल आई महिन्याकाठी जे काही माझ्या हातावर ठेवायची ते त्यात गेलं. केवढा होता तो! तांब्याच्या वाकवलेल्या नळ्या, त्यांत ओवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांच्या रांगा आणि वर दोन मोठे पंखे. मूळचा पंखा काढायला मी कार्ड टेबलावर उलटं ठेवलं, मागचे स्क्रू सोडवले आणि तो उचलला तर चिपवरची पेस्ट वाळून चुन्यासारखी झालेली. चिपची उष्णता वरच्या पत्र्यात जावी म्हणून मध्ये ही पेस्ट असते. ती वाळली की सगळं फुकट. कापसावर स्पिरिट घेऊन मी चिप पुसत राहिले, शेवटी त्यात माझं तोंड दिसायला लागलं. मग मटारच्या दाण्याएवढी नवी पेस्ट, बाजूच्या छोट्या चिप्सवर चिकटवायचे छोटे पत्रे, आणि मग कूलर. त्याचे चार स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे असतात. एकच बाजू आधी आवळली तर चिपचा कोपरा उडतो. माझे हात थरथरत होते. आई दारात उभी राहून बघत होती. "तुटला तर दुसरा देवक तुझो बापूस रविवारी येतलो," ती म्हणाली. मी पुढचा स्क्रू घेतला. हात थरथरायचे थांबले. आज मागे वळून बघताना वाटतं, माझ्या हातांना स्थिर राहायला तिनेच शिकवलं, पण तसं ते तिच्या मनात नव्हतं.

कूलर इतका उंच होता की कॅबिनेटचं झाकण बसेना, ते काढूनच टाकलं. वजनाने कार्ड खाली वाकलं म्हणून मोडक्या लाटण्याचा तुकडा टेकू म्हणून लावला. टेबल मी आईला न विचारता खिडकीशी ओढलं. तिने ते परत ओढलं नाही. मशीन चालू केलं, सगळ्यात जड काम दिलं आणि तापमानाच्या आकड्याकडे बघत बसले. आधी जो शंभराला भिडायचा तो सत्तरच्या खाली थांबला. पंखे एखाद्या झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखे एकसारखे वाजत होते. मी जिन्यात गेले आणि बाबांना फोन केला. आनंद कुणाला तरी सांगायचा होता, आणि घरात तो सांगण्यासारखं माणूस मला दिसत नव्हतं. "आता एकदम थंड आहे बाबा, कितीही चालवा." "काय सांगतेस! एकटीने बसवलास? झकास!" ते म्हणाले. मला दिवसभर ते एक 'झकास' पुरलं.

त्याच सुमारास अंधेरीतल्या एका स्टुडिओने मला टेस्ट दिली. एक छोटा शॉट करून आणायचा, आवडला तर नोकरी. मी स्वयंपाकघर केलं. खिडकीतून येणारं ऊन, शेगडीवर पातेलं आणि त्यातून वर जाणारी वाफ. वाफ करणं फार अवघड. एकेक चित्र तयार व्हायला मशीनला कितीतरी वेळ लागायचा. रेंडर म्हणतात त्याला. तो दिवसरात्र चालू होता आणि कार्ड एकदाही बंद पडलं नाही. आई एकदा मागे येऊन बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं काहीतरी चांगलं बोलेल. "ह्या माझा पातेला ना?" "हो." "तेचो एक कान मोडको असा. तू अख्खो दाखवलंस. खोटा कित्याक दाखवतस?" मी रेंडर थांबवला, पातेल्याचा कान मोडला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. शॉट त्यामुळे चांगला झाला, हे मला तेव्हाही कळत होतं आणि त्याचाच राग आला होता.

टेस्ट द्यायला दोन दिवस राहिले होते. दुपारची वेळ, आई डबे घेऊन बाहेर गेलेली. दारावर टकटक झाली आणि बाबा. हातात जिलेबीचा पुडा. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा घरात आले होते. चपला काढताना त्यांनी खोलीभर नजर फिरवली, आणि मला उगाच लाज वाटली, की भिंतींना रंग दिलेला नाही, की पंख्याला जळमटं आहेत. ते थेट कॉम्प्युटरपाशी गेले, खाली वाकले, कूलरच्या मागे हात धरून बघितला. "वा! हवा कशी फेकतोय बघ. हे तू बसवलंस? माझ्या हाताखालच्या पोरांना जमायचं नाही असं." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग जिलेबी खात खात म्हणाले, "सुपू, एक सांगू? ओमला घरच्या कॉम्प्युटरवर गेम खेळायचेत. वर्गातली सगळी पोरं खेळतात. रडतो रोज. मी म्हटलं, ताईला विचारतो."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. "बाबा, माझा रेंडर चालू आहे. परवा टेस्ट द्यायचीय."

"मग नंतर कर ना. कॉम्प्युटर कुठे नेतोय मी, फक्त कार्ड. तुला दुसरं आणून देतो, याच्यापेक्षा भारी. महिनाभरात."

"परवा आहे बाबा."

"अगं, लहान आहे तो." ते माझ्याकडे बघत होते, हसत होते. "आणि तसं ते मीच आणलेलं ना? तेव्हा तापत होतं म्हणून तुला दिलं. आता तू एवढं मस्त केलंयस, तर त्या पोराला दोन दिवस सुख मिळू दे."

आईला मी रोज नाही म्हणायचे. दिवसातून दहा वेळा म्हणायचे. बाबांना नाही म्हणायची मला सवयच नव्हती, कारण नाही म्हणण्याइतका वेळ ते कधी समोर थांबलेच नव्हते. मी गप्प राहिले आणि त्यांनी तो होकार समजला. "तूच काढ," ते म्हणाले, "माझ्या हातून काही तुटायचं." म्हणजे माझ्याच हातांनी मी चालू रेंडर बंद केला, कार्ड निवायची वाट पाहिली, टेकू काढला, कार्ड उपसून टॉवेलात गुंडाळलं आणि जिना उतरून रिक्षात त्यांच्या मांडीवर ठेवलं. जाताना ते म्हणाले, "आईला लगेच सांगू नकोस."

सांगायची गरजच पडली नाही. आईने आल्या आल्या जिलेबीचा पुडा बघितला, मग उघडा कॅबिनेट. "कोण इल्लो?" ती खाली बसली आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "बरा करून दिलंस तेका? पंखो लावन? शाणा माझा चेडू! मोडक्या वस्तू तो लोकांच्या दारात टाकता आणि कोणी बरी केल्यान काय उचलून नेता. तू बी.ए. झालंस, इतक्याही कळूक नाय तुका?" मी रडत होते. ती उठली नाही, जवळ आली नाही. पुड्यातली एक जिलेबी काढून तिने चवीने खाल्ली. उरलेली तशीच बांधून कचऱ्यात टाकली. संध्याकाळच्या आमटीत मीठ होतं. तेवढ्याने मी घाबरले.

दुसऱ्या दिवशी डबे पोचवून आली आणि म्हणाली, "चल. तुझे ते पाने, पेचकस काय असतील ते घे." जिथे चालत किंवा बसने जाता येईल तिथे आई रिक्षा करत नसे, त्या दिवशी तिने नाहूरहून थेट चेंबूरपर्यंत रिक्षा केली आणि वाटेत एक शब्द बोलली नाही. घाटकोपरला गाड्या तुंबल्या होत्या तिथे तिने पदराने तोंड पुसलं, तेवढंच.

दार त्या बाईने उघडलं. मी तिची कल्पना निराळी केली होती. ही साधी, दमलेली, माझ्या आईपेक्षा थोडीशीच लहान बाई होती, हाताला पीठ लागलेलं. बाबा आतून आले आणि त्यांचा चेहरा उतरला. "अरे, तुम्ही? फोन तरी करायचा."

"फोन केलो असतो तर तू गावलो असतस?" आई आत शिरली. "माझ्या चेडवाची वस्तू खंय असा?"

ती कोपऱ्यात होती. कॉम्प्युटरसमोर खुर्चीवर गुडघे मुडपून एक सात-आठ वर्षांचा मुलगा बसला होता, पडद्यावर त्याची गाडी धावत होती. त्याने वळून बघितलं आणि मला ओळखलं. कसं ओळखलं कोण जाणे, बाबांनी फोटो दाखवला असेल. खुर्चीवरून उतरून तो जवळ आला. "ताई, थँक यू," तो म्हणाला. "बाबा म्हणाले तू मला गिफ्ट दिलंस."

मी बाबांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"काढ गो," आई म्हणाली.

"एक मिनिट," बाबा म्हणाले. "कार्ड मी आणलंय. माझं आहे ते. पोरासमोर तमाशा करू नकोस."

"कार्ड तुझा?"

"माझंच."

"बरा. कार्ड तुझा. तेच्यावरचो पंखो कोणाचो?"

"अरे, पण पंख्याशिवाय ते काय कामाचं?" बाबा म्हणाले.

"ता माका नको सांगू. कोणाचो?"

"तिचा."

"काढ गो पंखो."

मी म्हटलं, "आई, मला कार्ड हवंय. नुसता कूलर घेऊन मी काय करू?" आई माझ्याकडे बघत नव्हती, ती बाबांकडे बघत होती. खोलीतले सगळेच त्यांच्याकडे बघत होते. त्या क्षणी ते 'घेऊन जा' म्हणू शकले असते. तीन शब्दही नाहीत ते. मला अजूनही पुष्कळदा तो क्षण आठवतो आणि दर वेळी मी त्यांना थोडा जास्त वेळ देऊन बघते. ते म्हणाले, "काढ तर काढ. मी दुसरा बसवीन."

आईने भिंतीवरचं बटण दाबलं. पडदा काळा झाला. ओमला वाटलं लाइट गेली, तो वर पंख्याकडे बघायला लागला. मी उघड्या कॅबिनेटमध्ये हात घालून कार्डाला लावला तर ते गरम. निवेपर्यंत थांबायला हवं होतं. मी तसं सांगितलं आणि आम्ही सगळे थांबलो. त्या बाईने चहा केला, स्टीलच्या पेल्यांतून आणला, आईसमोर ठेवला. आईने त्याला हात लावला नाही आणि मलाही लावू दिला नाही. पेल्यांवर साय धरली. ओम माझ्या शेजारी उकिडवा बसला होता. "ताई, साफ करणार का? मग परत लावणार ना?" तो दोनदा विचारून झाला. मी उत्तर दिलं नाही, आणि दुसऱ्याही कुणी दिलं नाही.

मग मी कार्ड उपसलं, चार स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे सैल केले, कूलर हलकेच फिरवून सोडवला. चिप उघडी पडली. हाताच्या सवयीने मी कापूस काढून तिच्यावरची पेस्ट पुसायला लागले. "तेचा तोंड कित्याक पुसतस?" आई म्हणाली, "न्हाणून घालूक इलंस?" त्या बाईने तेवढ्यात ओमला ओढून पोटाशी धरलं आणि तेव्हा त्याला कळलं. तो जो रडायला लागला तो आवाज मला लिहून दाखवता येणार नाही. मी उघडं कार्ड टेबलावर ठेवलं आणि बाबांना म्हटलं, "हे असं चालू करू नका. दुसरा कूलर बसवेपर्यंत अजिबात नाही. चिप जळेल."

"तू मला उष्णता शिकवतेस?" बाबा म्हणाले. आमच्यात समोरासमोर झालेलं शेवटचं बोलणं ते.

माझी टेस्ट गेली. मी स्टुडिओला फोन करून मुदत मागितली, पलीकडचा माणूस अतिशय सभ्यपणे म्हणाला की अशी कारणं रोज येतात. दोन दिवसांनी बाबांचा फोन आला. "झालं तुझं समाधान? गेलं कार्ड. जळलं." मी विचारलं, चालू केलंत? "समोर टेबल फॅन लावला होता, हवा भरपूर होती. तुझ्या हट्टापायी पोराचं खेळणं गेलं." मी त्यांना समजावत बसले नाही की चिपची उष्णता उचलायला वर धातू लागतो, नुसत्या वाऱ्याने ती हलत नाही, आणि हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक असायला हवं होतं. मी फोन ठेवला. आईने विचारलं, काय झालं? सांगितलं. ती बांगड्यांना तिखट-मीठ चोळत होती, चोळत राहिली.

अ‍ॅनिमेशन पुढे माझ्या हातून झालं नाही. मी मालाडला एका दुकानात दुरुस्तीच्या टेबलावर लागले आणि आता माझं स्वतःचं टेबल आहे. लोक तापणारी कार्डं आणतात, मी ती उघडते, साफ करते, मोठे कूलर बसवते. हे काम मला आवडतं. ते मला बक्षीस म्हणून मिळालं नाही आणि शिक्षा म्हणूनही नाही. जमत होतं म्हणून केलं. आई माझ्याकडेच असते. अजूनही तोंडाने तशीच आहे, दात तेवढे गेले.

बाबा गेल्याचं त्या बाईनेच कळवलं. मला वाटलं आई येणार नाही. ती रोजच्या साडीवरच निघाली. चेंबूरच्या त्या घरात माणसं दाटली होती, बाबांना बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. ते फार छोटे दिसत होते. आई त्यांच्याजवळ गेली नाही, दारातून बघितलं आणि मागे फिरली. जिन्यात ओम उभा होता. दाढी, रुंद खांदे, बाबांची उंची. मी त्याला त्या दिवसानंतर पहिल्यांदाच बघत होते.

"तुम्ही सुप्रियाताई ना?" तो म्हणाला. "माझं कार्ड जाळून गेला होतात, त्या."

जिन्यातली माणसं वळून बघायला लागली. "बाबा नेहमी सांगायचे," तो पुढे म्हणाला, आवाज न चढवता. "ताई आली आणि मुद्दाम जाळून गेली."

माझ्याआधी आई बोलली. "ती नाय. मी जाळलंय," ती म्हणाली. "हिका काय इचारतस? माका इचार. माका तुझ्या बापाशीचो राग होतो, तो तुझ्या वस्तूर काढलंय."

आई मला आयुष्यभर जे जे बोलली त्यात एकही शब्द खोटा नव्हता, हाच तर माझा तिच्यावरचा राग होता. त्या जिन्यात मी तिला पहिल्यांदा खोटं बोलताना ऐकलं, तेही आत पडलेल्या त्या माणसासाठी. मी तिला तसं बोलू द्यायला हवं होतं, असं माझी एक मैत्रीण म्हणते. पण इतकी वर्षं ज्याचं नाव काढल्याबद्दल मी अळणी जेवले त्याला आईने आपल्या अंगावर घेऊन सोडवावं, हे मला सहन झालं नाही.

"आई खोटं बोलतेय," मी म्हटलं. "आम्ही निघालो तेव्हा कार्ड चांगलं होतं. चालू करू नका असं मी सांगून गेले होते. चालू बाबांनी केलं. त्यांनीच जाळलं आणि तुला माझं नाव सांगितलं."

आईने माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. ओम माझ्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा बदलला नाही.

"माहितेय मला," तो म्हणाला. "टेबल फॅन मीच धरून उभा होतो."

मग खालून कुणीतरी त्याला हाक मारली. तिरडी बांधून झाली होती, खांद्याला एक माणूस कमी पडत होता. तो आमच्यामधून वाट काढत जिना उतरून गेला.